डॉक्टरांसाठीचा मोरावळा

कार्तिक शुद्ध नवमी, १९५४. चामोर्शीजवळच्या तलावापलीकडे आमचं आवळीभोजन. हजर: मी, माझी नणंद सुशीला, तलावात मासे धरणारी सरजाबाई, तिचा नवरा आणि गल्लीतल्या सात बायका.

एवढं मी कोणालाही सांगते. यापुढचं मात्र आजवर कोणालाच — सुशीलेच्या भावालाही — सांगितलेलं नाही.

लहानपणीच्या तापात सुशीलेचे पाय गेले. ती हातांवर सरकत फिरते. पलीकडची आवळ्याची झाडं आमच्या अंगणातून दिसतात. दर कार्तिकात मी बायका गोळा करायची, कोणी काय आणायचं ते वाटून द्यायची आणि धानाच्या धुऱ्यांवरून, त्या अरुंद बांधांवरून, सगळ्यांना तिकडे न्यायची. शेतात धान उभं, त्यामुळे बैलगाडी जात नाही. सुशीला घरी. का? तर चांद्याच्या डॉक्टरांनी तिच्या छातीसाठी तलावाचा वारा वर्ज्य सांगितलाय — असं मीच तिला सांगितलं होतं.

डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. मग का बोलले? तिच्या छातीची काळजी? छे. तिला उचलून न्यायचं तर दोघी अडकणार, जेवण लांबणार, लोक थांबून बघणार — मला ते नको होतं. ती घरी राहिली की माझा बेत नीट पार पडायचा. एवढंच.

त्या नवमीला सकाळीच सरजाबाई दारात. मागे नवरा, त्याच्या डोक्यावर खाट. सरजाबाई मासे विकायला आली की सुशीला तिच्याशी बोलत बसायची, त्यातून सरजाबाईला सगळं कळलं होतं. मासे धरायच्या लाकडी होड्या, दोन डोंगे, बांबूंनी एकमेकांना बांधून त्यांवर ही खाट बसवायची, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

"मले आधी काऊन नाई सांगतलं जी, बाई?" ती मला म्हणाली. "एका सकाळचं त काम होतं."

सुशीलेनं माझ्याकडे बघून डॉक्टरांचं विचारलं. सात बायकांसमोर मी सांगितलं, त्यांना विचारून घेतलंय, आता हरकत नाही. दुसरं खोटं. आवाजही कापला नाही.

"नवरीवानी बसून राह्य, हालशीन त मासे हासतीन," सरजाबाई तिला म्हणाली. पण सुशीलेनं वल्हं मागून घेतलं. जन्मभर अंगाचा भार वाहिलेले ते हात — परतताना डोंगे तिनंच वल्हवत आणले. मी धुऱ्यावरून चालत होते. पाण्यावरून तिचं हसणं ऐकू येत होतं. ते मी किती कार्तिक अडवून धरलं होतं?

सरजाबाई त्यानंतर दरवर्षी न सांगता डोंगे बांधते. आता तर सुशीला तिच्यासोबत जाळं टाकायलाही जाते, अंगाला चिखल लावून येते, जेवताना तलावाच्या गोष्टी सांगते. आमचं घर बदललं. सरजाबाईचे हे उपकार मी रोज मनात मानते. मोठ्यानं मानायचे, तर आधी काय केलं होतं तेही सांगावं लागेल.

त्या संध्याकाळी सुशीलेनं माझा हात धरला. "वहिनी, तुमच्यानंच झालं. तुमी डॉक्टरले मनवलं."

मी हो म्हणाले नाही. नाही — तेही म्हणाले नाही.

तेव्हापासून दरवर्षी ती त्या झाडांचे आवळे आणून डॉक्टरांसाठी मोरावळा घालते. पोहोचवायचं काम माझं. पहिली बरणी मी तिच्या नकळत पाहुण्यांना वाढून संपवली आणि डॉक्टरांना फार आवडला म्हणून तिला सांगितलं. पुढच्या बरण्यांचंही तेच.

यंदाची कपाटात आहे, तोंडाला फडकं बांधलेली. ती सुशीलेच्या हातात परत द्यायची आहे, आणि डॉक्टरांना कोणी कधी काही विचारलंच नव्हतं, हे सांगायचं आहे. आज सकाळी ती अंगणात एकटीच जाळं शिवत बसली होती. मी गेले नाही.