अप्पांच्या घरातून गेलेला दोर

सिद्रामअप्पा कुठलाही दोर नुसता बघून घेत नसत. जळकोटातल्या त्यांच्या आडत दुकानाच्या ओसरीवर एक खांब होता. दोराचं एक टोक त्याला बांधायचं, दुसरं स्वतःच्या कमरेला गुंडाळायचं आणि सगळं अंग मागं झोकून द्यायचं, ही त्यांची रीत. एकदा दोर तुटला आणि अप्पा तुरीच्या पोत्यांवर उताणे पडले. धोतर झटकत उठले अन् म्हणाले, "भार टाकल्याबिगर कळत न्हाय बघ." माणसांबद्दलही ते असंच बोलत.

आम्ही मांगवाड्यातली माणसं. दोर वळणं हाच धंदा. ओसरीवर पाऊल टाकायची आम्हाला मुभा नव्हती, आम्ही खाली रस्त्यावर उभे राहायचो.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. आमचं गाव निजामाच्या राज्यात, पण पलीकडं सोलापुरात इंग्रज सरकार आरमाराच्या जहाजांसाठी दोर विकत घेत होतं. सोलापूरच्या ठेकेदाराला सांगून अप्पांनी ते काम माझ्या बाला, गणपाला, मिळवून दिलं. समुद्र आमच्यात पाहिलाय कुणी? बानं गल्लीच्या लांबीचे दोर वळले आणि मोटेच्या नाड्याला मारतात तशा पक्क्या गाठी मारून जोडले. सगळा माल परत आला. गाठ जहाजाच्या कप्पीत अडकते म्हणे. अखंड दोर द्या, नाहीतर काम दुसरीकडे जाईल, असा ठेकेदाराचा निरोप होता. आमच्या सगळ्या गल्लीच्या चुली त्या कामावर पेटत होत्या.

त्यात पावसाळा. रानात चिखल, आणि चिखल लागलेला दोर सरकारला चालत नव्हता. गावात कोरडी, सरळ, लांब जागा एकच होती. अप्पांचं दुकान, माजघर, स्वयंपाकघर आणि मागचं गोदाम, सगळं दारासमोर दार.

"गणपा, पुढल्या दारानं शीर, मागल्या दारानं नीघ," अप्पा म्हणाले.

"अप्पा, गाव तुमाला वाळीत टाकंल."

"टाकू दे की. तू दोर वळ."

मी ओसरीवर दोराला पीळ देणारी फिरकी फिरवत बसले. बा कमरेला अंबाडीच्या तंतूंचा जुडगा बांधून, वळत वळत, पाठमोरा आत गेला. आतून अप्पांच्या बायकोचा, अक्कांचा आवाज आला, "मागं चूल हाय रे गणपा, जपून."

गावानं बोंब मारलीच. अप्पांच्या लेकीच्या लग्नात पंगती रिकाम्या राहिल्या. तोंडं वाकडी करणाऱ्यांची नावं मला अजून पाठ आहेत, पण ती इथं कशाला? दोर पास झाले, आम्ही जगलो. हे उपकार मी मरेपर्यंत विसरायची नाही.

निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत अप्पा गेले. त्यांच्या लिंगायत रीतीनं त्यांना शेवटच्या वाटेवर विमानात, म्हणजे बांबूंच्या सजवलेल्या मखरात, बसवून न्यायचं होतं. विमान बांधायला अक्कांनी बाकडून दोर मागवला. बा दोर घेऊन सवयीनं रस्त्यावरच थांबला.

"वर ये," अक्का म्हणाल्या. "या घराची दारं तुला ठावी हायत."

बा ओसरीवर चढला. त्यानं दोराचं टोक त्याच खांबाला बांधलं, दुसरं कमरेला गुंडाळलं आणि सगळ्या गावासमोर अंग मागं झोकून दिलं. दोरानं भार घेतला. बा तसाच झुकून रडत राहिला.