टेस्टरमामांचा तांबडा दिवा

टेस्टरमामा कुठेही गेले, की बसण्याआधी खुर्चीला टेस्टर लावून पाहत. लोखंडी खुर्ची, फ्रिजचं हँडल, एका लग्नात तर नवरदेवाच्या स्टेजची पायरीसुद्धा. "तपासल्याबिगर भरोसा नाही," असं म्हणून मग ऐसपैस बसत. बोथ भागातल्या कितीतरी घरांचं वायरिंग त्यांच्या हातचं. आणि राग धरावा तर तोही त्यांनीच. लोकांचा राग शिळा होतो, विटतो, लोक तो टाकून देतात. मामांचा राग रोज सकाळी ताजा असे.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. शाळेत बाबांच्या बाकावर बसलेले. पुढे बाबा मास्तर झाले आणि हे वायरमन. बाबांना ते चारचौघांतही 'लेका' म्हणत आणि मला 'माय'. दारातूनच आवाज यायचा, "चाय मांडतं का, माय?" त्या हाकेसाठी मी अभ्यास टाकून उठत असे.

वायरिंग कोणाचंही असो, मामा प्रत्येक बोर्डावर एक बारका तांबडा दिवा बसवत. लाइट आहे तोवर तो जळत राही. त्याचे पैसे घेत नसत. "दिवा माह्याकडून," म्हणत. "लाइट गेली का आली, हे म्हातारीले बी खाटेवरून दिसलं पायजे."

आमचं नवं घर बांधलं तेव्हा नऊ बोर्डांवर असे नऊ दिवे लागले. ताईचे यजमान हैदराबादला इंजिनियर. भाऊजी गृहप्रवेशाला आले ते मेगर घेऊनच. मेगर म्हणजे वायरच्या आवरणातून वीज झिरपते का, हे पाहायचं यंत्र. हँडल फिरवायचं, आवरण धड असेल तर काटा टोकाला जातो, नसेल तर शून्याकडे पडतो. भाऊजींनी पाव्हण्यांसमोर मेन बंद केला, पंखे-बल्ब काढायला लावले, दोन वायरींना यंत्र जोडलं आणि हँडल फिरवलं. काटा शून्याजवळ पडला.

मामांनी तोवर मेगर हातात धरलेला नव्हता. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "माह्या घरात कच्ची वायर घातली काय रे तुनं?"

"वायर पक्की हाय, गुरुजी," मामा म्हणाले. 'लेका' तिथेच संपलं. "दोस्ती कच्ची निंगाली. आता या उंबऱ्यात येईन तं मेगर घेऊनच येईन."

आठवड्याच्या आत भाऊजींनी माणसं लावून मामांची वायर उपटून टाकली. म्हणजे ती चांगली होती की वाईट, हे दाखवायला पुरावाच उरला नाही. उरली फक्त स्वयंपाकाची खोली. तिचा फ्यूज वेगळा होता आणि आई दारात बसली होती. "माह्या सयपाकाच्या खोलीले हात लावसान तं पाह्या," एवढंच ती म्हणाली. तिथला तांबडा दिवा जळत राहिला.

दोन वर्षांनी भैंसा गावात कापसाचं एक जुनं जिनिंग मोडलं, तिथल्या भंगारातून मामांनी एक मेगर मिळवला. तो त्यांनी आधी स्वतःच्या घरावर चालवला. काटा शून्याकडे. मग बोर्डावरच्या दिव्याची वायर सोडली आणि पुन्हा फिरवला, तर काटा टोकाला. तेव्हा उलगडा झाला. दिवा दोन वायरींच्या मध्ये बसलेला असतो, यंत्राची वीज त्याच्यातूनच निघून जाते आणि आळ येतो वायरवर. भाऊजींनी पंखे-बल्ब काढायला लावले, पण दिवे तसेच ठेवले होते. ज्याचा पैसा घेतला नाही, त्या दिव्यानेच मामांचा घात केला होता.

त्या दिवसापासून मामांनी भाऊजींची पाठ सोडली नाही. इचोड्याच्या बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट ऐकवत. आमच्या घरी मात्र ती मामांची सारवासारव समजली जाई. भाऊजींचं नाव त्यांनी 'शून्य साहेब' ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की भाऊजी बसमधून उतरले की रिक्षावाले विचारत, "बोथ जायचं काय, शून्य साहेब?" ताई रडायची. मला, खोटं कशाला बोलू, मजा वाटायची. बाबांनाही मामा दर दोन-चार महिन्यांनी निरोप धाडत, "एक डाव सयपाकाची खोली तपासू द्या." बाबा निरोप आणणाऱ्याला चहा पाजत आणि उत्तर देत नसत. अशी बारा वर्षं गेली.

गेल्या साली बाबा वारले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात माणसं जेवायला बसायच्या बेतात होती, तेवढ्यात मामा मेगरची पेटी घेऊन फाटकात उभे राहिले. कोणी म्हणालं, ही काय वेळ आहे? मामा आईला म्हणाले, "वैनी, बोललो होतो तसा आलो." आईने मान हलवली. मामांनी स्वयंपाकाच्या खोलीचा फ्यूज काढला, दोन वायरींना यंत्र जोडलं आणि हँडल भाऊजींपुढे केलं. "फिरवा, साहेब."

भाऊजींनी फिरवलं. काटा शून्याकडे पडला.

"आता? हेबी उपटाची काय?" मामांनी विचारलं.

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी मामा जिंकत होते आणि मला ते लवकर बघायचं होतं. मी फ्रिज-मिक्सरचे प्लग आणि खोलीतला बल्ब आधीच काढून ठेवले होते. मामांच्या हातात पेचकस देत मी म्हणाले, "मामा, आधी दिवा सोडवा ना."

मामांचा हात थांबला. "हे खरं हाय, हे तुले कदीपासून माईत हाय?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पुस्तकात वाचलं होतं, की मेगर लावण्याआधी दिवे सोडवावेत. मी तसं सांगितलं.

"अन् गुरुजीले?"

"त्याच दिवशी सांगितलं मी. 'जावयाची शोभा कशाला करतेस, ताईचं घर आहे,' म्हणाले. मग मीही गप्प बसले."

"मंग माह्यं घर नोतं काय?"

मामांनी दिव्याची वायर सोडली. भाऊजींनी न सांगता हँडल फिरवलं. काटा टोकाला गेला आणि तिथेच राहिला. आईने पदर डोळ्यांना लावला. मामांनी मात्र काट्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी बोर्डातून दिवा काढला, फुंकून खिशात घातला आणि पेटी बंद केली.

"वायर तुमची. दिवा माह्यावाला," ते म्हणाले. "येतो, मॅडम."

बोर्डावर बोटभर भोक राहिलं आहे. नवा वायरमन दिवा बसवून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. परवा बोथच्या बाजारात मामा भेटले. माझ्या दोन्ही पिशव्या जड होत्या. त्यांनी त्या न विचारता घेतल्या, रिक्षाशी आणल्या, रिक्षाच्या दांडीला टेस्टर लावून पाहिला आणि मला बसायची खूण केली.

"मामा," मी म्हटलं, "चहाला या ना घरी."

"जय भीम, मॅडम," म्हणाले आणि गर्दीत निघून गेले.