घाटावरचा लाकडी नावाडी

दाराला ताजा तेलरंग दिला की त्या वासासरशी मला पुणतांब्याचा गोदाघाट दिसतो. स्वातंत्र्य मिळायच्या आदल्या वर्षी गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारानं गावाची जुनी माणसं सागवानात कोरली आणि रंगवून जत्रेसाठी घाटावर उभी केली. त्यात घाट बांधणारा पाथरवट होता, पहिली शाळा काढणारे मास्तर होते, आणि अगदी शेवटी, निळ्या बंडीत, हातात वल्हं घेतलेले माझे वडील होते. ते नाव चालवत. मागच्या पुरात अडकलेली माणसं काढताना ते वाहून गेले, पण देह सापडला नाही, म्हणून ते कुठंतरी काठाला लागले असतील असंच आई धरून चालली होती. माझा हात धरून ती एकेका पुतळ्यापाशी थांबत वडिलांपर्यंत आली आणि सुताराला म्हणाली, “मामा, ह्यात जित्तं कोनी हाय का?” त्यानं मान खाली घातली. “न्हाई, पोरी.” आईनं त्या रंगवलेल्या गालावरून हळूच हात फिरवला, मग पाण्यालगतच्या पायरीवर बसली आणि ओंजळभर पाण्यानं कपाळाचं कुंकू पुसलं. आज माझी नात आईच्या त्या वेळच्या वयाची आहे. तिच्याकडे पाहिलं की कळतं, आई तेव्हा किती लहान होती.