ना व्याज, ना भाडं

आईला कर्जाची भारी धास्ती. तिचं माहेर साताऱ्याकडचं. शेजारची वाटीभर उसनी साखर परत गेल्याशिवाय तिथं कुणाला झोप लागत नसे म्हणे. अशा बाईनं सांगलीत येऊन तीन हजारांचं कर्ज काढलं, तेही वडील फौजेत लांब असताना. घरामागच्या मोकळ्या जागेत भाड्यानं द्यायला दोन खोल्या बांधायच्या, हा तिचा बेत. पुढं मला कॉलेजला घालायचं तर मनीऑर्डरीवर भागणार नाही, हे तिनं आधीच ओळखलं होतं.

पैसे दिले ते एका जैन बाईंनी. कवठे महांकाळच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. जवळचं कुणी नाही, फंडाचे पैसे हातात, पण राहायला घर नाही. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं कागद झाला. बाईंनी तीन हजार द्यायचे आणि एका खोलीत राहायचं. पैशाला व्याज नाही, खोलीला भाडं नाही. चार वर्षांनी आईनं पैसे परत करायचे आणि बाईंनी खोली सोडायची. दुसऱ्या खोलीत एसटीतला एक कंडक्टर चाळीस रुपयांवर राहिला. ते भाडं आई डाळीच्या डब्यात साठवू लागली.

बाई दिवस मावळायच्या आत जेवत. महिन्याभरात आमची चूलही चारला पेटू लागली. "आवं बाई, दिवस कलला, चला जेवाय," ही आईची हाक कंडक्टरच्या घड्याळापेक्षा नेमकी होती. मला बीजगणित बाईंनीच शिकवलं. मी नापास होणार याची घरात सगळ्यांना खात्री होती, मलासुद्धा. बाईंना तेवढी नव्हती.

मुदत भरत आली तसा आईनं डबा रिकामा केला. कमी पडले तिथं हातातल्या पाटल्या मोडल्या. आता दोन्ही खोल्यांचं भाडं आलं की माझी फी सुटते, हा हिशेब मीच तिला खुशीत करून दाखवला. बाई कुठं जातील हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

आईनं पैसे रुमालात बांधून बाईंपुढं ठेवले. बाईंनी मोजले, "बरोबर आहेत," म्हणाल्या आणि कागद परत दिला. दोघींपैकी कुणीच वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं नेहमीसारखी हाक मारली, पण बाई आल्या नाहीत. जाऊन पाहिलं तर वळकटी बांधलेली आणि ट्रंकेत पुस्तकं भरणं चाललेलं.

"ह्ये काय?" आईनं विचारलं.

"पैसे मिळाले. खोली सोडायला हवी. कागदात तसंच आहे."

"जाणार कुठं पण?"

"बघू. कवठ्यात देईल कुणीतरी खोली."

आई उंबऱ्यावरच बसली. "आवं, मला वाटलं, तुमचं पैसं माझ्याकडं अडकल्यात, आन् तुमी मागाय लाजताय."

"मला वाटलं, तुम्हाला खोली हवी आहे," बाई म्हणाल्या.

आई उठली आणि ट्रंकेतला रुमाल तिनं सरळ उचलला. "द्या हिकडं. मला न्हाई फेडायचं."

मग मला नवा स्टॅम्पपेपर आणायला पिटाळलं. बाकी मजकूर जुन्यासारखाच उतरवला. "मुदत किती लिहू?" मी विचारलं.

"लिही, बाई हायत तवर."

"आणि नंतर पैसे कुणाला द्याल?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"तवाचं तवा. आदी जेवा, दिवस मावळाय लागलाय."

माझी पहिली फी त्याच रुमालातून भरली. आणि उसन्या साखरेनं झोप उडणारी माझी आई त्या रात्री, डोक्यावर तीन हजारांचं कर्ज असताना, चक्क घोरत होती.