गणपतच्या वाट्याचं कारलं

आज सकाळपासून आभाळ गच्च आहे, पण पाऊस नाही. उकाडा असा की पंख्याखालीही बनियन अंगाला चिकटते. अशा दिवशी मी ओट्यावर बसतो. भिंतीवर माझा कारल्याचा वेल आहे. पानाआडचं कारलं पिकून पिवळं झाल्यावरच दिसतं. गणपतचे किस्सेही तसेच, बसल्या बसल्या एकेक दिसू लागतात.

गणपत माझा भिंतीपलीकडचा शेजारी. जवानीत हातमागावर बसायचा, माग बंद पडल्यावर वाडीला एका गोदामावर चौकीदार झाला. तिथं असतानाच शुगर निघाली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. सुमनवहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, वरून कारल्याचा रस सुरू केला. कारली माझ्या वेलाची.

पहिल्या दिवशी ग्लास हातात घेऊन त्यानं विचारलं, "हे मले मारायले देऊन राहिली का वाचवायले?"

वहिनी म्हणाली, "पिऊन पाहा, मंग सांगजा."

*

मग तो ग्लास घेऊन अंगणात जाऊ लागला. रोज ग्लास रिकामा, वहिनी खूश. एक दिवस तिला जास्वंदीच्या बुडाशी हिरवं पाणी दिसलं. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दोन ग्लास आणले.

"एक तुमचा, एक झाडाचा. त्यालेही शुगर असन."

*

एकदा आम्ही दोघं त्याच्या पोरीकडे उमरेडला गेलो. परतताना स्टँडवर त्यानं गरम जिलेबी खाल्ली, अन् बसमध्ये खिशातून कच्चं कारलं काढून कराकरा चावलं. कंडक्टर पाहतच राहिला. गणपतनं त्याला समजावलं, गोड खाल्लं, वरून कडू खाल्लं, झाली बरोबरी.

कंडक्टर म्हणाला, "काका, हे पोटाले माहीत आहे का?"

आम्ही हसलो. पण त्याच हिशेबानं गणपतनं गोळ्याही सोडल्या होत्या. कारलं खातो तर गोळी कायले, म्हणून. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

*

मग कोणीतरी सांगितलं, कारली चिरून घमेल्यात टाका, अनवाणी तुडवा, तोंड कडू झालं की शुगर उतरली समजा. गणपत घमेल्यात उभा राहिला. मी समोर बसलो होतो. विचारलं, झालं का कडू?

"थोडं थोडं होऊन राहिलं."

वहिनी चहा घेऊन आली अन् तिथंच थांबली. घमेल्यातला चोथा लाल झाला होता. घमेल्याचा फाटका पत्रा पायात घुसला होता, अन् गणपतला पत्ताच नव्हता. तो आमच्या तोंडाकडे पाहत होता.

"काहून गा, काय झालं?"

*

जखम भरली नाही. आधी अंगठा गेला, मग पाऊल. दवाखान्यात मी त्याच्या खाटेशी बसलो. तो म्हणाला, "बरं झालं गा. देवळात आता एकाच चपलेवर ध्यान ठेवा लागते."

वहिनी चादर नीट करत राहिली. चादर नीटच होती.

*

घरी आणल्यावर गोळी वहिनी स्वतः समोर उभी राहून गिळवायची. रसही चुकू दिला नाही. पण गणपत दिवसेंदिवस उतरतच गेला, अंगावर सूज आली. काल त्याला पुन्हा दवाखान्यात नेलं अन् संध्याकाळी परत आणलं.

आज सकाळी मी कोवळी कोवळी कारली तोडली अन् त्यांच्या दारात गेलो. गणपत झोपलेला होता. वहिनीनं पिशवी घेतली, जराशी हातात धरून ठेवली, अन् माझ्याच हातात परत दिली.

"आता नका आणू, भाऊजी. डाक्टरनं सांगतलं, त्याईले जे आवडते ते खाऊ द्या."