आत्याच्या डाव्या डोळ्यातलं माणूस

आमची आत्या लुगडं बदलताना डावा डोळा घट्ट मिटून घ्यायची. उजव्याने तिला दिसत नव्हतंच, त्यामुळे निऱ्या चाचपडत काढाव्या लागत. एकदा मी हसले तर म्हणाली, "हासून काय राहिली? आत बाई हाय का बुवा, मले कोनी सांगतलं का?"

लहानपणी देवी आल्या आणि आत्याचे डोळे गेले. उजवा पार गेला, डाव्यावर पांढरं फूल पडलं. पन्नाशीपर्यंत तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा, बडनेऱ्याला रेल्वेत खलाशी. बासष्ट सालच्या सुमारास ते तिला पासावर मुंबईला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी कुणा मेलेल्या माणसाच्या बुबुळावरचा पडदा काढून तिच्या डाव्या डोळ्यावर बसवला. त्या माणसाचं नाव काही सांगितलं नाही. पट्टी सुटल्यावर आत्याने आधी बाबांचं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "अगा मा माय, तू म्हातारा कधी झाला रे?"

अमरावतीला परतल्यावर आम्हाला वाटलं, आता सगळं झकास. पण आत्या गोंधळली ती गोंधळलीच. ठेचा खाताना मध्येच थांबून विचारायची, "याले तिखट चालत असन का?" डोळ्याला पाणी आलं की, "हे मी रडून राहिली का तो?" मी नुकतीच मास्तरीण झालेली, शहाणपणा उतू चाललेला. मी पाटीवर डोळ्याचं चित्र काढून तिला सगळं समजावलं. तिने ते निरखून पाहिलं. "बेस काढलं पोरी. पन यात तो कुठी हाय?"

खरा घोळ पितृपक्षात झाला. छप्पन साली बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. श्राद्ध करणार नाही ही शपथ आत्यानेही त्यांच्या शेजारी उभं राहून घेतली होती. आणि आता ती कौलांवर भाताचा घास ठेवताना बाबांना सापडली.

"कावून वं बाई? शपथ इसरली?" बाबा ओरडले.

"माह्यासाठी नाई रे. याच्यासाठी. त्याच्या घरी हे करत असतीन तं? माह्यापाशी राहून उपाशी राहावं का त्यानं?"

"मेलेला मानूस जेवत नाई!"

"मंग पाह्यते कसा?"

"या घरात पुन्हा नाई," एवढंच म्हणून बाबा ड्यूटीवर निघून गेले. आत्याने शब्द पाळला. पुढच्या पितृपक्षात सगळी गल्ली कावळ्यांना हाका मारत होती आणि ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसली.

त्याच हिवाळ्यात डोळा लाल झाला, ठणकू लागला, दिसणं धूसर होत गेलं. बाबांनी रजा टाकून पुन्हा मुंबई गाठली, पण डॉक्टरांनी हात टेकले. परत आल्यावर बाबा रोज तिच्या खाटेपाशी येऊन उभे राहत आणि निघून जात. मला दोघांचीही कीव यायची.

एक दिवस आत्याने मला एकटीला गाठलं. "खरं सांग पोरी. मी उपाशी ठेवलं म्हनून गेला का तो?"

तिच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी घाईघाईने डॉक्टरांचं म्हणणं सांगून टाकलं. "नाई वं आत्या. दुसऱ्याचं काही बसवलं का आपलं आंगच ते परकं म्हनून ओयखते अन् बाहेर काढाले पाह्यते. तुहा काई दोष नाई."

आत्या आपल्याच दंडावरून हात फिरवत म्हणाली, "म्हंजे माह्या आंगानं हाकललं त्याले? परका म्हनून? आमाले जलमभर लोकायनं दारातून हाकललं. अन् म्या बी तेच केलं?"

त्यानंतर ती तीन वर्षं जगली. उपाशी राहिला म्हणूनच गेला, असं मी तेव्हा म्हणाले असते तर बरं झालं असतं का, हे मला अजून कळलेलं नाही.