ताईचं सोवळं

फोन धारहून होता, ताईच्या शेजारी राहणाऱ्या वकीलसाहेबांचा. "भिया, बहनजी नहीं रहीं," एवढंच म्हणून ते थांबले. मी देवासहून मिळेल ती बस धरली. आता दोन महिने व्हायला आले. ताई आजारी होती, सगळे मनाची तयारी करून होतो, तरी इंदूर येईपर्यंत मला रडू आवरलं नाही. तिच्या घरी पोचलो तर तिच्या कॉलेजातल्या जुन्या विद्यार्थिनी दारात चपला काढून, नळावर हातपाय धुऊन मगच आत येत होत्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ताईच्या घरात काय नि प्रयोगशाळेत काय, शिरायचं ते असंच, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

मूळची ही शिस्त आईची. आमचं घराणं दरबाराबरोबर धारला आलेलं. दरबार गेला, सोवळं राहिलं. आई आंघोळ करून, धाबळी नेसून स्वयंपाकाला लागली की तिला शिवायचं नाही. कोणी शिवलंच तर तिने पुन्हा आंघोळ करायची. मी दिवसाआड तरी शिवायचोच. ताई मात्र पाच वर्षांची असल्यापासून हात पाठीमागे बांधून उंबऱ्याबाहेर उभी राहायची. पुढे ती जीवशास्त्र शिकली, दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत लागली, देवाला हात जोडणंसुद्धा सोडलं, आणि सोवळं मात्र आईपेक्षा कडक पाळू लागली. हजारो वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसांच्या हाडांतून डीएनए काढायचा, हे तिचं काम. तो असतो वाळवी लागलेल्या पोथीसारखा, सगळा तुकडे-तुकडे झालेला. त्यात आजच्या जिवंत माणसाचा घाम, थुंकी, एखादा केस पडला की संपलं. यंत्र त्या ताज्या डीएनएच्याच नकला काढत बसतं आणि जुन्याचा पत्ता लागत नाही. म्हणून रोज आंघोळ, धुतलेले कपडे, वर झगा, टोपी, तोंडाला पट्टी, हातमोज्यांचे दोन-दोन जोड. नकला काढण्याच्या खोलीत एकदा पाऊल टाकलं की त्या दिवशी हाडांच्या खोलीत परत जायचं नाही. मी तिला चिडवायचो, ताई, यापेक्षा आईचं स्वयंपाकघर बरं, तिथे निदान शेवटी जेवायला तरी मिळायचं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सतवासच्या अलीकडे एका टेकाडावर उत्खनन चाललं होतं. तीनएक हजार वर्षांपूर्वीचे सांगाडे निघाले. बहुतेक सगळे धुऊन, ब्रशने घासून, वर रोगण लावून झालेले, म्हणजे ताईच्या दृष्टीने फुकट गेलेले. एक मात्र तिने पत्र पाठवून मातीतच राहू द्यायला लावला होता. आपल्याकडच्या उन्हात हाडांत काही टिकत नाही, असं तेव्हा मोठमोठी माणसं म्हणत. ताईला ते खोटं पाडायचं होतं, आणि तेही आपल्या माळव्याच्या मातीतून. मे महिन्यात मी तिला जीपने तिथे घेऊन गेलो. तिने स्वतः खड्ड्यात उतरून एक दाढ काढली, कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली आणि येताना माझ्या देवासच्या क्वार्टरवर मुक्काम केला. ती आंघोळीला गेली, डबा टेबलावर होता. मला काय वाटलं कोणास ठाऊक... मी तो उघडला. प्रसाद उचलावा तशी ती दाढ उचलली आणि कपाळाला लावली. कोणाचे तरी पूर्वजच ना ते. हेतू चांगला होता, पण मे महिना होता आणि माझं कपाळ घामाने निथळत होतं. मग दाढ होती तशी गुंडाळून ठेवून दिली.

दोन वर्षांनी ताईचं पत्र आलं. दाढेतला डीएनए वाचता आला होता, स्वच्छ, सलग. मला इतका आनंद झाला की मी कारखान्यात पेढे वाटले. पण ताई पेढे खाऊन थांबणारी नव्हे. हाडांजवळ गेलेल्या प्रत्येकाशी तिने तो ताडून पाहिला, आणि शेवटी स्वतःशी. अक्षरन् अक्षर तिचाच निघाला. तिने तपासला होता तो भाग फक्त आईकडून येतो. मुलाला आणि मुलीला सारखाच. तिचा फोन आला. तिने एकच विचारलं, "बंडू, तू डबा उघडला होतास?" मी नाही म्हणालो. चटकन, लहानपणी आईला म्हणायचो तसंच. आयुष्यभर कारखान्यात मालातले दोष शोधायची नोकरी केलेला माणूस मी. दाढेला बारीक चीर होती, वरून कितीही साफ केली तरी घाम आत मुरला असणार, हे मला पुढे कळलं. दाढ तर तोवर दळून संपली होती. ताईने भर बैठकीत उभं राहून सांगितलं की नमुना सांभाळण्यात चूक झाली आणि ती आपली स्वतःची आहे. इतरांना सोवळं शिकवणारी बाई स्वतःच विटाळली, असं लोक हसून म्हणाले. काम दुसऱ्यांकडे गेलं, आणि वर्षभराने ती धारच्या कॉलेजात शिकवायला आली.

तिने कधी रडगाणं गायलं नाही. धार-गंधवानीकडच्या मुली तिच्या हाताखाली शिकून चांगल्या प्रयोगशाळांत लागल्या. मी मात्र गप्प राहिलो, दहा वर्षं. ती जायच्या नऊ दिवस आधी मी तिच्या खाटेशी बसलो आणि सांगून टाकलं.

"मला मालूम आहे रे," ताई म्हणाली. "त्यात पुरुषाची खूण पण निघाली होती, तितकीच ताजी. आपल्या आईची, आणि पुरुषाची... घरात दुसरं कोण आहे?"

मग तेव्हाच का बोलली नाहीस, इतके बोल का ऐकून घेतलेस, मी विचारलं. मला तिचा रागच आला होता.

"तू आईला शिवायचास तेव्हा परत आंघोळ कोण करायचं? आईच ना. डबा माझा होता, बंडू. तो उघड्यावर ठेवून मी गेले." मग तिने चहा मागितला. माफ करण्यासारखं तिने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं, आणि ते मला फार लागलं.

चौदावा झाल्यावर माझी बायको सुधा आणि मी तिची खोली आवरायला घेतली. आरशापुढे तिची फणी होती, दातांत दोन पांढरे केस अडकलेले. सुधा म्हणाली, "अहो थांबा, मी कागदाने उचलते." ताईच्या वस्तूला उघड्या हाताने शिवायचं नाही, ही सवय तिलाही लागलेली. मी म्हटलं, राहू दे. आईकडून आलेलं जे त्या केसांत होतं, तेच माझ्या बोटांत आहे. मी ते केस उघड्या हाताने उचलले. माझा हात लागून ताईचं काही बिघडणार नव्हतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.